आत्या, जमीन तू दिली नव्हतीस

आत्या, ज्या वर्षी खाडीचा बांध फुटला त्या वर्षी आपल्या घरात काय शिजायचं ते मी अजून कोणाला सांगत नाही. डोंबिवलीतल्या माझ्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, तुम्ही आगरी, मूळचे ठाण्याचे, तुमच्या जमिनी म्हणजे सोनंच की हो. मी हसते आणि सोडून देते. सोनं होतं ते वरच्या अंगाला, घोडबंदर रोडच्या बाजूला. आपली जमीन कोलशेतच्या खाली, खाडीला चिकटून. बांध धड असला तर वर्षाला एक भाताचं पीक. फुटला की भरतीचं पाणी आत, आणि मातीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची तीन वर्षं काही नाही. बाबा मिठागरात मजुरीला जायचे, तेही त्याच सुमारास बंद पडलं. आई कण्या शिजवायची. तू ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून निवट्या धरायचीस. चिखलातला तो बोटाएवढा मासा आज लोक हौसेने मागवतात. तेव्हा तू तो माजिवड्याच्या बाजारात नेऊन विकायचीस आणि उरला तरच आपल्या ताटात यायचा. बऱ्याचदा उरायचा नाही.

बाबांनी बांधासाठी सरकारात अर्ज केला होता. एक साहेब आले, बूट खराब होतील म्हणून वरच्या वाटेवरूनच बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. नंतर कोणीच आलं नाही. शेवटी तू आईला आणि शेजारच्या दोघींना घेऊन उतरलीस आणि चिखलाचे गोळे रचून बांध घातलास. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली बाई, गावाच्या हिशेबात तुझं त्या जमिनीवर काहीच नव्हतं. बहिणीने भावाच्या नावाने हक्कसोड करायची, एक साडी घ्यायची आणि गप्प बसायचं, ही आपल्याकडची रीत. तू साडी घेतली नाहीस. "बांध मी घातला, मी हक्क नाय सोरनार," म्हणालीस. बाबा तुझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात होतात दोघं.

मी आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही छाती काढून सांगते, कोणाला राग आला तर येऊ दे. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं. तू पहाटे मासळीची पाटी घेऊन निघायचीस म्हणून ते झालं, हेही सांगते. निकाल लागला त्या दिवशी तू बाजारातल्या सगळ्या बायकांना सांगितलंस की आमची मनी आता राज्य चालवायचं शास्त्र शिकली. मी लाजले. पण खोटं कशाला बोलू, मला ते खरंच वाटलं होतं.

मग मी तुला सही शिकवायला बसले. ग्रॅज्युएटच्या घरात अंगठा चालणार नाही, असं मीच ठरवलं. माझ्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर तू 'बारकीबाय' लिहायचीस. पाच अक्षरं यायला दोन महिने लागले. वाचायला कधीच आलं नाही, तुला ते नकोही होतं. "माजा नाव मना लिवता आला, बस झाला. बाकीचा तू वाच," म्हणालीस. या पाच अक्षरांनी तुझं काय केलं, ते लिहायला आज बसलेय.

संध्याकाळी आपण टीव्हीवरच्या चर्चा बघायचो. खरं तर मी बघायचे, तू जवळा निवडत ऐकायचीस. एका पडद्यावर आठ चौकटी, आठ माणसं, सगळी एकाच वेळी बोलतायत. सरकारला एवढे अधिकार असावेत का, माणसाला खटल्याशिवाय किती दिवस आत ठेवावं, फोनवर काही लिहिलं म्हणून घरी पोलीस पाठवावेत का, नोटीस न देता घर पाडावं का. मी नेहमी कडक सरकारच्या बाजूने. "देश पुढे न्यायचा तर कोणाला तरी सोसावं लागणारच, आत्या."

"त्यो कोनाला तरी म्हंजे कोन गं? टीवीत बसलेला त एक बी नाय दिसत त्याच्यात."

"तुला नाही कळायचं. देश मोठा की माणूस मोठा?"

"देश म्हंजे कोन पन? मी त्याच्यात हाय का नाय, येवरा सांग. मंग ठरवू मोठा कोन."

मी आवाज वाढवायचे, टीव्हीचाही आणि माझाही. एकदा कुठल्याशा गावातल्या एका शिक्षकाला उचललेलं, त्याची बायको कॅमेऱ्यासमोर रडत होती. मी म्हटलं, काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं ना, उगाच कोण कोणाला नेतं? तू जवळ्यातून हात काढलास, माझ्याकडे बघितलंस आणि परत निवडायला लागलीस. मला वाटलं, मी वाद जिंकले.

खाडीलगतच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा माझं लग्न होऊन मी डोंबिवलीत मानपाड्याला राहायला गेलेले. जमीनमालकांची माहिती गोळा करायचं काम एका एजन्सीला मिळालं होतं आणि मी त्या एजन्सीत कंत्राटावर लागलेले. गळ्यात कार्ड, हातात टॅब. आपल्या गावच्या बैठकीला साहेबांनी मुद्दाम मलाच पाठवलं. "गावची मुलगी आहे, लोक ऐकतील." मला त्याचाही अभिमान वाटला.

बैठक समाजमंदिरापुढच्या मंडपात होती. तू पहिल्या रांगेत. अधिकाऱ्यांनी नकाशा दाखवला, सार्वजनिक हित वगैरे सांगितलं. सगळे माना डोलावत होते, बाबाही. तू उठलीस. पदर खोचलास आणि म्हणालीस, "मना मंजूर नाय. माजा हिस्सा मी देत नाय." अख्ख्या मंडपाने ऐकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बारकीबाय, रस्त्यावर पाटी घेऊन बसाला जागा भेटंल की तुना!" सगळे हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, "तुज्या दारात बसन, उद्यापासून." मग मी सह्यांचा कागद घेऊन फिरले.

आपल्या गावकीची पद्धत मला माहीत होती. म्हणूनच मला माफी नाही. गावकीच्या बैठकीला जो येतो तो वहीत अंगठा लावतो, पटो न पटो. अंगठा न लावता उठणं म्हणजे बसलेल्या माणसांचा अपमान. नकार असेल तर तो तोंडाने सांगायचा, चार म्हाताऱ्यांनी ऐकायचा, आणि तो जन्मभर सगळ्यांच्या लक्षात राहतो. नकार आपल्याकडे कधी कोणी लिहून ठेवलेलाच नाही. तू नकार सांगून मोकळी झालेलीस, म्हणून निर्धास्त कागद पुढे ओढलास. अंगठ्यासाठी शाई शोधत होतीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अंगठा काय, आत्या! सही कर. बघू दे लोकांना." तू जीभ दाताखाली धरून पाच अक्षरं काढलीस. अधिकारी म्हणाले, वा, आजी! माझा ऊर भरून आला.

कागदावर फक्त अनुक्रमांक, नाव आणि सही असे तीन रकाने होते. वरचा मथळा कोरा. मला वाटलं हजेरी, लोकांनाही तेच सांगितलं. कोणाला विचारलं नाही. राज्यशास्त्राच्या पदवीधर बाईने कोऱ्या मथळ्याखाली अख्ख्या गावाच्या सह्या घेतल्या आणि टॅबवर त्यांचे फोटो काढून पाठवून दिले. महिन्याभराने त्याच सह्यांवर एक पान चढलं: उपस्थित सर्व भूधारकांनी प्रकल्पास स्वखुशीने संमती दर्शवली. अनुक्रमांक सात, बारकीबाय.

तुला हे मोजणीची माणसं शेतात आली तेव्हा कळलं. तू जाऊन बांधावर बसलीस. हातात काठी नाही, घोषणा नाही, पिशवीत पाण्याची बाटली आणि भाकरी. महिला पोलीस म्हणाली, "आजी, उठा ना, माझी नोकरी आहे हो." तू म्हणालीस, "तुजी नोकरी हाय, माजा शेत हाय. तू बी बस, ऊन लागंल." चौघींनी तुला उचललं, तेव्हा तू त्यांना सांगत होतीस म्हणे की नीट धरा, जवल्याच्या पाटीपेक्षा मी हलकी हाय. दिवसभर चौकीत बसवलं आणि संध्याकाळी एक नोटीस हातात देऊन सोडलं. मी ती तुला वाचून दाखवली. आपल्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता असल्याने चांगल्या वर्तणुकीची हमी द्यावी. तू खो खो हसलीस. "माज्या आवाजानं शांती बिघरते? मंग चालीस वर्सं बाजारात कोनाची बिघरली नाय ती?"

त्या रात्री मी माहेरीच राहिले. दुसऱ्या दिवशी गावात दूध आणायला गेले. दुकानासमोर दोन माणसं बोलत होती, आपल्याच आळीतली. एक म्हणाला, "काहीतरी केलं असेल म्हातारीने. उगाच कोण नेतं?" अगदी माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी दुधाची पिशवी घेतली आणि मान खाली घालून घरी आले. तुला सांगितलं नाही. तू गेल्यावर सांगतेय.

मग तू वकील गाठून संमतीच्या यादीतून नाव काढा म्हणून अर्ज केलास, आणि त्यानंतरच्या सुनावण्या. जमिनीच्या किमतीवर तू कधी एक शब्द बोलली नाहीस, वकिलाला त्याचंच आश्चर्य वाटायचं. प्रांत कार्यालयात साहेबांनी विचारलं, आजी, नक्की हवंय काय तुम्हाला? तू म्हणालीस, "सरकारला पायजे त घेवदे. त्याची ताकद हाय, माजी नाय. पन मी दिली असा लिवू नका." साहेब हसले नाहीत, ते एक बरं. त्यांनी फाईल उलटवली.

"ही सही तुमचीच?"

"माजीच."

"अंगठा असता तर गोष्ट वेगळी होती. अंगठा लावणाऱ्याला कागद वाचून दाखवला का, ते आम्हाला बघावं लागतं. तुम्ही सही केलीय. म्हणजे तुम्ही साक्षर. वाचून सही केली असंच आम्ही धरणार."

मी तुझ्या शेजारी उभी होते. तू अंगठेबहाद्दर राहिली असतीस तर वाचली असतीस. मी तुला शिकवलं म्हणून तू पकडली गेलीस.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, सोपा मार्ग आहे, सही माझी नाही म्हणा, कोणीतरी ठोकली म्हणा. तू त्याच्याकडे असं बघितलंस जणू त्याने शिळा मासा आणलाय. "सही माजीच हाय. माज्या भाचीनं शिकवलेली. मी कनाला नाय म्हनू?" तू तसं म्हणाली असतीस तर बोट माझ्याकडे आलं असतं, हे तुला कळत होतं का? मी कधी विचारलं नाही. तुला कळत होतं असंच मी धरून चाललेय. तुझे उपकार मला यानेच जास्त टोचतात.

घरी येताना रिक्षात तू फक्त एकदा म्हणालीस, "मने, तू व्हतीस ना तिकरं? कागद तूच फिरवलास. सांग ना त्यांना, ती हजेरी व्हती म्हनून."

मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसले. घोडबंदर रोडला नेहमीसारखा ट्रॅफिक होता, रिक्षा हलत नव्हती, आणि मला पळून जायला जागा नव्हती. तरी मी बोलले नाही. एजन्सीत मला पर्मनंट करणार होते. सुपरवायझर. तू परत कधी म्हणाली नाहीस.

दोन वर्षं, आत्या. दोन वर्षं मी रोज तेच कार्ड गळ्यात घालून मानपाड्याहून निघायचे आणि दुसऱ्या गावांतल्या लोकांकडून सह्या घ्यायचे. मथळा मात्र आता भरून घ्यायचे, वाचून दाखवायचे, एवढं केलं. त्यावर साहेब चिडायचे. "मॅडम, तुम्ही फारच वेळ लावता." टीव्ही बघायचा सोडला. पण बघणं सोडलं म्हणजे बाजू बदलली असं नाही. आपला वाद तसाच अर्धवट राहिलाय. मला अजूनही वाटतं की रस्ते हवेत, सरकार हवं, आणि प्रत्येकाने आपापल्या बांधावर बसायचं म्हटलं तर काहीच होणार नाही. हे मी तुझ्या फोटोसमोर उभी राहूनसुद्धा म्हणेन. फक्त आता ते म्हणताना मला विचारावं लागतं की वरचा मथळा कोणी लिहिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "येवरा कललं त पुष्कल झाला." किंवा म्हणाली नसतीस. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालणं सोपं असतं, मथळा चढवण्याइतकंच.

तुझा दम वाढला, तुला हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा कुठे मी प्रतिज्ञापत्र केलं. मी स्वतः सह्या घेतल्या, मथळा कोरा होता, मी ती हजेरी म्हणून सांगितली, आणि बारकीबाय हिने बैठकीत उघड नकार दिल्याचं मी कानांनी ऐकलं. तुझ्या रांगेत बसलेल्या दोघींनीही लिहून दिलं. त्याच आठवड्यात एजन्सीने माझं कार्ड काढून घेतलं. मी तुझ्याकडे आले. तुझ्या नाकाला नळी. मला वाटलं होतं तू माझा हात धरशील, काहीतरी गोड बोलशील. आपल्याला असल्या सीनची सवय असते ना.

"नोकरी गेली?"

"गेली."

"जानारच व्हती, त मंग येवरा उशीर कनाला केलास?"

मी म्हटलं, आत्या, झोप आता. तू डोळे मिटलेस. चार दिवसांनी तू गेलीस. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मी घाबरले. तू पोलिसांना घाबरली नाहीस आणि मी पगाराच्या नोकरीला घाबरले. बी.ए. झालेली मी होते.

दहाव्याला पिंडाजवळ कावळा लवकर आला. लोक म्हणाले, बारकीबायची काही इच्छा राहिली नव्हती. मी तिथेच म्हटलं, राहिली होती. सगळ्यांनी माझ्याकडे वाईट नजरेने बघितलं.

कार्यालयात गेले तर क्लार्कने फाईलवर आधीच लिहून ठेवलेलं: अर्जदार मयत, अर्ज निकाली काढण्यात यावा. त्याचा स्वर वाईट नव्हता. "मॅडम, माणूसच नाही तर संमतीचा प्रश्न कुठे येतो?" मी म्हटलं, माणूस नाही तरी कागद आहे ना, आणि तो खोटं बोलतोय. मग त्याने नियम सांगितला. तुला मूलबाळ नाही, जमीन वडिलांकडून आलेली, म्हणजे अर्ज पुढे चालवायचा तर वारस म्हणून भाऊ लागेल. बाबा.

ज्यांनी स्वतः खुशीने संमती दिलेली, हक्कसोडीसाठी तुझ्याशी वर्षभर अबोला धरलेला, ते बाबा. मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. मथळा वाचून दाखवला, दोनदा. म्हटलं, यात जमीन परत मिळणार नाही. रस्ता थांबणार नाही. तुमच्या हिश्शाला काही होणार नाही. फक्त तिने दिली नव्हती एवढंच लिहिलं जाणार आहे. बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "नव्हतीच दिली तिनं. मी बाजूलाच बसलेलो. ऐकलं ना मी." एवढं साधं वाक्य. ते त्यांनी दोन वर्षांपूर्वी म्हटलं असतं, मी म्हटलं असतं, मंडपातल्या कोणा एकाने म्हटलं असतं, तर तुला वकिलाच्या पायऱ्या झिजवायला लागल्या नसत्या. तो सगळा मंडप आज तुझ्या नावाने हळहळतो. मला त्यांची हळहळ नको आणि माझी स्वतःचीही नको.

बाबांनी सही केली. मी अर्ज दिला. दोनदा परत आला, एकदा माझ्या नावात चूक म्हणून, एकदा चूक नव्हती तरी. तिसऱ्यांदा घेतला.

तुला जाऊन दीड वर्ष झालं. तुझ्या शेतावर मुरमाचा भराव पडलाय, तू घातलेला बांध कुठे होता ते आता मलाही नेमकं दाखवता येत नाही. परवा शुद्धिपत्रक हातात आलं. एकच पान, खाली गोल शिक्का. अनुक्रमांक सात संमतीच्या यादीतून वगळण्यात आला आहे. तुझ्या हिश्शापुढे लिहिलंय की जमीन सक्तीने संपादित केली, भूधारकाची संमती नव्हती.